चिनी बोलणे आणि चिनी लिपी : मराठी भाषकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

चिनी भाषेची ओळख करून देणारी बहुतेक साधने इंग्रजी वाचक डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली असतात. त्यामुळे मराठी वाचकही रोमन लिपीतला चिनी शब्द इंग्रजीच्या वळणाने वाचू लागतो आणि मातृभाषेने जे आयते हाती दिले आहे तेच वापरायचे राहून जाते. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला भेद, ‘चिमणी’ आणि ‘चमचा’ यांतले दोन निराळे ‘च’, ‘श’ आणि ‘ष’ यांची वेगळी स्थाने, वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडून प्रश्न करण्याची रीत या सर्वांचा चिनीत थेट उपयोग होतो. म्हणून या लेखात क्रम असा ठेवला आहे की आधी देवनागरीच्या आधाराने जीभ आणि कान तयार करायचे, मग नेमकी वाक्ये पाठ करायची, आणि त्यानंतरच अक्षरांकडे वळायचे. अक्षरे पहिल्या दिवसापासून पाहत राहायला हरकत नाही, पण उच्चार कच्चा असताना त्यांच्या मागे लागू नये, असे माझे ठाम मत आहे.

येथे ‘चिनी’ म्हणजे मँडरिनवर, म्हणजे मुख्यतः उत्तर चीनमधल्या बोलींवर, आधारलेली प्रमाण भाषा. चीनमध्ये तिला ‘फू३थुंग१ह्वा४’ म्हणजे सर्वसामान्यांची भाषा म्हणतात. तैवानमध्येही थोड्या फरकाने हीच भाषा चालते आणि सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी ती एक आहे. शब्दांमधल्या आकड्यांचा अर्थ दुसऱ्या पायरीत येईल.

पहिली पायरी : ध्वनी देवनागरीत पकडणे

चिनीसाठी वापरली जाणारी रोमन पद्धत पिनयिन या नावाने ओळखली जाते. तिला चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने १९५८ मध्ये मान्यता दिली. मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेले ट्षोउ१ योउ३क्वांग१ हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक होते. ही पद्धत उत्तम आहे, परंतु तिच्यातल्या रोमन अक्षरांना इंग्रजीतले मोल नाही. चिनी प्रमाण भाषेत ब, द, ग असे घोष स्पर्शवर्ण नाहीत. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे आपला ‘प’ आणि ‘पी’ म्हणजे आपला ‘फ’. त्याच न्यायाने ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’, ‘जी’ म्हणजे ‘क’ आणि ‘के’ म्हणजे ‘ख’. वर्तमानपत्रांत ‘बीजिंग’ असे छापले जाणारे नाव चिनी माणसाच्या तोंडी ‘पे३चिंग१’च्या जवळ जाते, ते यामुळेच.

इंग्रजी भाषकाला हा भेद ऐकू यायलाच फार वेळ लागतो, कारण त्याच्या भाषेत महाप्राणावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘काट’ आणि ‘खाट’ हे वेगळे शब्द असल्याने आपला कान आधीच तयार असतो. मात्र ‘फ’ उच्चारताना दोन्ही ओठ मिटले पाहिजेत. हल्ली अनेकजण ‘फळ’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लावतात. चिनीत तोही ध्वनी आहे, परंतु तो वेगळा आहे, आणि त्यासाठी या लेखात नुक्ता, म्हणजे अक्षराखाली ठिपका, दिलेला ‘फ़’ वापरला आहे.

‘च’ वर्गाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण चिनीत या वर्गाच्या तीन जोड्या आहेत. ‘चिमणी’तला तालव्य ‘च’ आणि त्याचा महाप्राण ‘छ’ ही पहिली जोडी. पिनयिनमध्ये तिच्यासाठी ‘जे’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे येतात, आणि या स्थानाचा ‘श’ ‘एक्स’ने दाखवतात. ‘चमचा’तला दंत्य ‘च’ हा दुसऱ्या जोडीचा पहिला ध्वनी आहे आणि येथे तो नुक्ता देऊन ‘च़’ असा लिहिला आहे. हिंदी भाषकाला जो ध्वनी नव्याने शिकावा लागतो तो आपल्याला जन्मापासून येतो. याचा महाप्राण, म्हणजे ‘छ़’, मराठीत नाही. तो साधण्यासाठी तळहात तोंडासमोर धरून ‘चमचा’चा पहिला वर्ण म्हणावा आणि श्वासाचा झोत तळहाताला स्पष्ट जाणवेपर्यंत वाढवत न्यावा. पिनयिनमध्ये हे दोन ध्वनी ‘झेड’ आणि ‘सी’ या अक्षरांनी लिहितात.

तिसरी जोडी जिभेचे टोक मागे वळवून उच्चारली जाते. ‘ट’च्या जागेवरून ‘ष’मध्ये घसरत गेल्यास तिचा अल्पप्राण ध्वनी मिळतो, म्हणून मी तो ‘ट्ष’ आणि त्याचा महाप्राण ‘ठ्ष’ असा लिहितो. शाळेत शिकवलेला पण बोलताना बहुतेकांनी सोडून दिलेला मूर्धन्य ‘ष’ येथे पुन्हा उपयोगी पडतो, कारण चिनीत ‘श’ आणि ‘ष’ यांची सरमिसळ झाल्यास शब्द बदलतो. चिनी ‘र’ हा जीभ त्याच जागी ठेवून, पण ती थरथरू न देता काढायचा घोष ध्वनी आहे.

स्वरांबाबत दोनच गोष्टी सांगतो. ‘ई’ म्हणत असताना जीभ न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की जो स्वर निघतो तो चिनीत वारंवार येतो, मासा या अर्थाच्या ‘यू२’ शब्दात तोच आहे. दुसरे म्हणजे ‘ष’, ‘ठ्ष’ यांच्यानंतर कधीकधी स्वतंत्र स्वर नसतोच, जीभ वळलेली ठेवून तोच आवाज लांबवायचा असतो. अशा ठिकाणी मी ‘र्’ जोडला आहे, जसे ‘षर्’.

दुसरी पायरी : सूर

प्रमाण चिनीत चार सूर आहेत आणि एक हलका, सूररहित उच्चार आहे. पहिला सूर उंच आणि सपाट असतो. दुसरा मध्यातून वर चढतो, आपण न ऐकू आल्यावर ‘काय?’ म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला राहतो. चौथा वरून झटकन खाली येतो, एखाद्याला ठामपणे ‘नाही!’ सांगावे तसा. उच्चारापुढचा आकडा सुराचा आहे आणि आकडा नसेल तेथे उच्चार हलका सोडून द्यायचा. ‘मा१’ म्हणजे आई, ‘मा२’ म्हणजे ताग, ‘मा३’ म्हणजे घोडा, ‘मा४’ म्हणजे शिव्या देणे, हे उदाहरण सगळीकडे दिले जाते. व्यवहारात जास्त अडवणारी जोडी ‘माय३’ आणि ‘माय४’ ही आहे, कारण पहिल्याचा अर्थ विकत घेणे आणि दुसऱ्याचा विकणे.

पुस्तकांत तिसरा सूर खाली जाऊन पुन्हा वर येणारा असा दाखवतात. तो तसा प्रामुख्याने शब्द एकटा किंवा शेवटी असतानाच होतो. वाक्याच्या मध्ये तो नुसता खाली राहतो, आणि नवशिक्याने तो ‘खालचा सूर’ म्हणूनच शिकावा. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्या सुरात बदलतो. म्हणून ‘नी३’ आणि ‘हाउ३’ एकत्र आल्यावर ‘नी२ हाउ३’ असे ऐकू येते. नकाराचा ‘पू४’ चौथ्या सुरापुढे ‘पू२’ होतो.

मराठी भाषकाची खरी अडचण निराळीच आहे. आपण प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर उचलतो. चिनीत सूर शब्दाच्या मालकीचा असतो, त्यामुळे शेवटचा शब्द उचलला की चौथ्या सुराचा शब्द दुसऱ्या सुराचा वाटतो आणि अर्थ निसटतो. यावरचा उपाय भाषेतच आहे. वाक्याच्या शेवटी हलका ‘मा’ जोडला की प्रश्न तयार होतो, अगदी आपल्या ‘का’सारखा. प्रश्नाचे काम त्या ‘मा’वर सोपवावे आणि बाकीचे सूर जागच्या जागी ठेवावेत.

सराव सुट्या सुरांचा करू नये, दोन-दोन उच्चारांच्या जोड्यांचा करावा. चार सुरांपुढे चार सूर आणि हलका उच्चार धरून अशा वीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी एक ओळखीचा शब्द नमुना म्हणून पक्का करावा. चीनच्या नकाशातली आणि आपल्याकडची गावे यासाठी फार उपयोगी आहेत. मुंबईचे चिनी नाव ‘मंग४माय३’ आणि शांघायचे ‘षांग४हाय३’ एकाच चालीची आहेत. गोव्याचे ‘क्वो३आ१’ आणि ‘पे३चिंग१’ यांची चालही एकच. पुणे ‘फू३ना४’ होते. चीन म्हणजे ‘ट्षुंग१क्वो२’, भारत म्हणजे ‘यिन४तू४’, उद्या म्हणजे ‘मिंग२थ्येन१’, आज म्हणजे ‘चिन१थ्येन१’. नवा शब्द आला की तो कोणत्या गावाच्या चालीचा आहे हे आधी ठरवावे.

तिसरी पायरी : कामाची वाक्ये

पुढे सूर प्रत्यक्ष बोलताना जसे होतात तसेच लिहिले आहेत. प्रत्येक वाक्य चिनी भाषकाच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे, कारण देवनागरी कितीही समर्थ असली तरी ती येथे केवळ आधाराची काठी आहे.

नी२ हाउ३ – नमस्कार (बरोबरीच्या व्यक्तीला)
नीन२ हाउ३ – नमस्कार (वडीलधाऱ्यांना, अनोळखी व्यक्तीला)
श्ये४श्ये – आभारी आहे
पू२ ख४छी – त्यात काय, असू द्या
त्वे४पुछी३ – माफ करा
छिंग३ वन४ – जरा विचारू का
वो३ षर्४ यिन४तू४ रन२ – मी भारतीय आहे
वो३ थिंग१पुतुंग३ – मला ऐकून समजत नाही
छिंग३ च़ाय४ ष्वो१ यी२ प्येन४ – कृपया पुन्हा एकदा सांगा
त्वो१षाउ छ्येन२ – किती पैसे
थाय४ क्वे४ ल – फार महाग आहे
फ्येन२यि यी४त्येन३ – थोडे कमी करा
शी२षोउ३च्येन१ च़ाय४ ना२ली – स्वच्छतागृह कुठे आहे
वो३ ठ्षर्१ सू४ – मी शाकाहारी आहे

‘नीन२’ हा आपल्या आदरार्थी ‘आपण’च्या जागी आहे. संबोधनात आडनाव आधी येते आणि उपाधी नंतर, म्हणून वांग आडनावाच्या गृहस्थांना ‘वांग२ श्येन१षंग’ म्हणायचे. शिक्षकाला ‘लाउ३षर्१’ म्हणतात आणि टॅक्सीचालक किंवा कारागीर यांना ‘षर्१फ़ू’ म्हणणे शिष्टसंमत आहे. तरुणीसाठी जुन्या पुस्तकांत ‘श्याउ२च्ये३’ हे संबोधन दिलेले असते. तैवानमध्ये ते सर्रास चालते, पण चीनमध्ये अनेक ठिकाणी ते अपमानास्पद वाटू शकते, म्हणून टाळावे.

शाकाहाराबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. नुसते ‘मांस नको’ म्हटल्याने काम होत नाही, कारण ‘रोउ४’ या शब्दाने पुष्कळदा डुकराचे मांसच अभिप्रेत असते, आणि भाजी मांसाच्या रश्शात किंवा चरबीत शिजलेली असू शकते. त्यामुळे ‘वो३ ठ्षर्१ सू४’ हेच सांगावे. ‘सू४’ ही बौद्ध परंपरेतली संकल्पना आहे आणि काटेकोर अर्थाने तिच्यात कांदा-लसूण वर्गातले तीव्र वासाचे पदार्थही वर्ज्य असतात, त्यामुळे जैन वाचकांना तिचा विशेष आधार आहे. शंका वाटल्यास ‘पू२ याउ४’, म्हणजे ‘नको’, यापुढे पदार्थ जोडावा. अंड्यासाठी ‘ची१तान४’, पातीच्या कांद्यासाठी ‘छ़ुंग१’, लसणासाठी ‘स्वान४’. उपाहारगृहाच्या पाटीवर ‘सू४’चे अक्षर ओळखता आले तर शोधाशोध वाचते, म्हणून हे अक्षर पहिल्या दहांत शिकावे.

आकडे मात्र आपल्यापेक्षा सोपे आहेत. यी१, अर्४, सान१, सऽ४, वू३, ल्योउ४, छी१, पा१, च्योउ३, षर्२ हे दहा शब्द आले की अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि वीस म्हणजे ‘दोन-दहा’. ‘सऽ’मध्ये ‘स’ नुसता लांबवायचा. चार आणि दहा यांत ‘स’ आणि ‘ष’ नीट वेगळे ठेवावेत. मोठ्या रकमांचे एकक लाख-कोटी नसून ‘वान४’ म्हणजे दहा हजार हे आहे. आपला १ लाख म्हणजे १० वान, १ कोटी म्हणजे १,००० वान. व्यापारासाठी शिकणाऱ्याने हे रूपांतर तोंडपाठ करावे.

चौथी पायरी : अक्षरे कशी चालतात

देवनागरीत अक्षर पाहिले की उच्चार कळतो, अर्थ कळेलच असे नाही. चिनी अक्षर एका उच्चाराचे आणि बहुधा एका अर्थघटकाचे असते, आणि त्याची रचना या दोन्हींकडे बोट दाखवते. चिनी लिपी म्हणजे चित्रे, हा समज लवकर सोडावा. माणूस, डोंगर, झाड, तोंड अशी थोडी अक्षरे चित्रांपासून आली आहेत हे खरे. दोन झाडे शेजारी ठेवली की वन आणि तीन रचली की दाट अरण्य होते. परंतु प्रचंड बहुसंख्य अक्षरे अर्थाचा एक भाग आणि ध्वनीचा एक भाग जोडून बनलेली आहेत.

घोड्याचे अक्षर ‘मा३’ घेऊ. त्याच्या डावीकडे ‘स्त्री’ लिहिली की आई, म्हणजे ‘मा१’. डावीकडे ‘तोंड’ लिहिले की वर पाहिलेला प्रश्नार्थक ‘मा’. डावीकडे ‘दगड’ लिहिला की क्रमांक किंवा संकेतांक या अर्थाच्या शब्दांत येणारा ‘मा३’. घोडा येथे केवळ उच्चार सुचवतो. हे एकदा लक्षात आले की पाठांतराचे ओझे फार हलके होते. ध्वनीचा भाग दर वेळी इतका नेमका नसतो, कारण अक्षरे घडली तेव्हाचे उच्चार शतकांच्या ओघात बदलले. मोठी नदी या अर्थाच्या ‘च्यांग१’मध्ये ध्वनिघटक ‘कुंग१’ आहे. त्यामुळे ध्वनिघटकाला सूचना मानावे, नियम मानू नये.

अक्षरांतल्या अर्थ सुचवणाऱ्या भागांची पारंपरिक यादी १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या खांग्शी शब्दकोशाने २१४वर स्थिर केली. सुरुवातीला त्यांतले तीसएक पुरेत. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसले तर अर्थ नदी, सरोवर, समुद्र अशा दिशेने जातो. डावीकडे हात असेल तर बहुधा हाताची क्रिया असते. दरवाजांवरच्या ‘ढकला’ आणि ‘ओढा’ या दोन्ही अक्षरांत तो आहे. बाहेर जाण्याच्या पाटीवरचे पहिले अक्षर एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे दिसते आणि दुसरे म्हणजे चौकोनी ‘तोंड’. पुरुषांच्या स्वच्छतागृहावर वर शेत आणि खाली बळ असे अक्षर असते.

लिहिताना वरून खाली, डावीकडून उजवीकडे, उभ्या रेघेआधी आडवी, आणि चौकट असेल तर आतले भरून शेवटी तळ बंद, हा क्रम पाळावा. चार भागांत विभागलेल्या चौकोनांची वही वापरावी, म्हणजे घटकांचे प्रमाण हाताला कळते. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे वाचकालाच ठरवावे लागते, आणि पूर्णविराम म्हणून लहानसे वर्तुळ येते.

परकी नावेसुद्धा याच अक्षरांत लिहावी लागतात. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले. तेथे त्यांचे नाव ‘ख१ ती४ह्वा२’ झाले. पहिले दोन उच्चार ‘कोटणीस’चा अंदाज देतात, आणि शेवटचे अक्षर ‘ह्वा२’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी, त्यांत नागपूरचे डॉक्टर चोळकरही आले, नावाच्या शेवटी तेच अक्षर घेतले. कोटणिसांनी ही भाषा शिकून तिच्यातून रुग्णसेवा आणि अध्यापन केले. आपले चिनी नाव घेताना एखाद्या जाणत्या चिनी भाषकाला विचारावे, कारण ध्वनी जुळला तरी अक्षराचा अर्थ विचित्र निघू शकतो.

पाचवी पायरी : सुलभ की पारंपरिक

चीनने १९५६ मध्ये अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर केली आणि १९६४ मध्ये त्यांची विस्तृत यादी आली. यातली बरीच रूपे नव्याने शोधलेली नव्हती, हस्तलिखितांत आधीपासून चालत असलेली होती. १९७७ ची सुलभीकरणाची दुसरी फेरी लोकांना रुचली नाही आणि १९८६ मध्ये ती मागे घेतली गेली. सुलभ अक्षरे चीन, सिंगापूर आणि मलेशियात, तर पारंपरिक अक्षरे तैवान, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये वापरतात.

पारंपरिक ‘घोडा’ दहा रेघांचा, सुलभ तीन रेघांचा. ‘दार’ आठांवरून तीनवर आले. ‘प्रेम’ या अक्षरातले मधले ‘हृदय’ सुलभ रूपात गेले. माणूस, मोठा, लहान, पाणी, अग्नी अशी असंख्य अक्षरे दोन्हीकडे सारखीच आहेत. खरा घोटाळा एकत्रीकरणात होतो. ‘पाठवणे’ आणि ‘केस’ यांची दोन पारंपरिक अक्षरे सुलभ लिपीत एक झाली, ‘चेहरा’ आणि ‘शेवया’ यांचेही तसेच झाले. म्हणून सुलभातून पारंपरिकाकडे जाताना संदर्भ पाहावा लागतो.

नोकरी, व्यापार किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाणाऱ्याने सुलभ अक्षरे घ्यावीत. तैवान, हाँगकाँग किंवा जुने साहित्य हे ध्येय असेल तर पारंपरिक घ्यावीत. दोन्ही एकदम शिकू नयेत. एका पद्धतीची हजारभर अक्षरे पक्की झाली की दुसरी वाचायला बहुतेकांना फार त्रास होत नाही. तैवानची मुले उच्चारासाठी रोमनऐवजी ३७ चिन्हांची ‘ट्षू४यिन१’ पद्धत शिकतात, त्यामुळे तिथल्या बालपुस्तकांत अक्षरांच्या शेजारी लहान खुणा दिसतात.

हाँगकाँगमध्ये लेखी मजकूर बराचसा समजला तरी बोलणे कँटोनीज या दक्षिण चीनमधल्या वेगळ्या भाषेत चालते. तिचे सूर निराळे, शब्दही निराळे. जपानीत चिनी अक्षरांबरोबर दोन स्वतंत्र वर्णमाला असतात. पाटीवर सुट्या वळणदार खुणा मिसळलेल्या दिसल्या तर ती जपानी, आणि गोल व चौकोनी रेघांचे ठोकळे दिसले तर कोरियन समजावी.

रोजचा सराव

पहिले सहा-आठ आठवडे ऐकणे आणि मोठ्याने बोलणे यांनाच द्यावेत. एक वाक्य ऐकावे, थांबवावे, स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकावेत. देवनागरी टिपणे एवढ्याच काळापुरती ठेवावीत. त्यानंतर पिनयिनकडे जाणे अटळ आहे, कारण शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि फोनवरचा चिनी कळफलक सगळे तिच्यावरच चालतात. फोनवर रोमन अक्षरांत ‘मा’ टंकित केले की घोडा, आई, प्रश्नार्थक शब्द अशी अनेक अक्षरे रांगेत येतात आणि त्यांतले योग्य निवडावे लागते. या निवडीसाठी अक्षर ओळखता आले की पुरते. त्यामुळे सगळी अक्षरे हाताने लिहिता आलीच पाहिजेत असे नाही. तरीही पहिली दोनशे अक्षरे हाताने, योग्य क्रमाने, उच्चार सुरासकट मोठ्याने म्हणत लिहावीत. घटक सुटे दिसू लागतात ते याच टप्प्यावर, आणि ते दिसू लागल्यावर पुढची अक्षरे नुसत्या वाचनातूनही लक्षात राहतात.